झग्याखालची गाणी

पूर्वी एक वृद्ध कवी इटलीतल्या एका डोंगरी गावात राहत असे. तारुण्यात त्याने एका स्त्रीवर प्रेमगीते रचली, ती वारल्यावर विलापगीते, आणि उतारवयात देवमाता मरियेची एकच प्रार्थना. गावची गायक मंडळी प्रत्येक सणाला ती प्रार्थना गात.

त्या वर्षी बिशपांनी एक धर्मपरीक्षक पाठवला. गाण्यांत भक्तीखेरीज काही सापडले, तर कवीचे सारे कागद चौकातल्या शेगडीत टाकायचे, असा हुकूम होता.

कवीचा शिष्य दूरच्या विद्यापीठातून नुकताच परतला होता. त्याने प्रेमगीते आणि विलापगीते आपल्या झग्याखाली लपवली व चौकात बसलेल्या परीक्षकापुढे फक्त प्रार्थना ठेवली.

परीक्षकाने ती वाचली. "निर्दोष आहे. खुशाल गा."

शिष्याचा जीव भांड्यात पडला. तोच वृद्ध म्हणाला, "फादर, ही अपुरी आहे. बाळ, झग्यातले काढ."

"गुरुजी, शेगडी पेटली आहे," शिष्य कुजबुजला.

"दिसते मला. इतकाही आंधळा झालो नाही अजून."

शिष्याने कागद काढून दिले. पहिल्याच ओळीवर परीक्षक थबकला.

"खिडकीत केस वाळवणारी बाई? आजोबा, हे तुम्ही लिहिलेत?"

"तेव्हा मलाही केस होते."

परीक्षकाने कागद शेगडीवर धरले. "मग हे का जाळू नये?"

वृद्धाने प्रार्थनेचा कागद उचलून त्याच कागदांखाली सरकवला.

"त्या प्रार्थनेत मी 'आई, क्षमा कर' म्हणतो," वृद्ध शांतपणे म्हणाला. "क्षमा कुणाला? ज्याने एका खिडकीलाच देऊळ मानले, त्याला. ती गेली तेव्हा जो देवाशी भांडला, त्याला. तो माणूस या वरच्या कागदांत आहे. त्याला जाळलेत, तर हात जोडायला मागे कोण उरेल? जाळायचे असेल तर प्रार्थनाही जाळा."

परीक्षकाने हात मागे घेतला. तो उभ्यानेच पहिल्या गीतापासून वाचू लागला. निखाऱ्यांवर राख धरली, तरी तो वाचतच होता. अखेर प्रार्थना आली. सकाळी एका दमात वाचून टाकलेली 'आई, क्षमा कर' ही ओळ या वेळी त्याने पुन्हा पुन्हा वाचली.

त्याने सारे कागद शिष्याच्या हाती दिले. "क्रम मोडू नकोस," एवढेच तो म्हणाला.

शिष्याने ते एकाच दोऱ्यात बांधले.

देवापुढे उभे राहताना आपण झग्याखाली काय लपवतो, ते ज्याचे त्याने पाहावे.