'वुड'चं 'विल'

कुणकवाडीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती आणि तिचं सगळं काम तांडेलबाई बिनबोभाट ओढत होत्या. तपासणीला आलेल्या खासनीससाहेबांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. बाईंनी खुर्चीचा विषय काढताच त्यांनी भर वर्गात फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, "इफ यू अंडरस्टुड ग्रामर, आय वुड मेक यू हेडमिस्ट्रेस."

मुलींना त्यातलं 'हेडमिस्ट्रेस' तेवढं कळलं आणि त्यांनी टाळ्या पिटल्या. बाई मात्र वाक्य पुन्हा वाचत होत्या.

"काय बाई, आनंद नाही झाला?" साहेबांनी मिशीत हसत विचारलं.

बाईंचा आवाज खणखणीत निघाला. "व्याकरण येत नसतं, तर झाला असता, साहेब. 'अंडरस्टुड' आणि 'वुड' म्हणजे मला व्याकरण कळत नाही आणि खुर्चीही मिळणार नाही. हे मला कळलं, म्हणजे तुमचं वाक्य चुकलं."

साहेबांना आधी ठसका लागला, मग हसू आवरेना. त्यांनी 'अंडरस्टुड' पुसून 'अंडरस्टँड' लिहिलं, 'वुड'चं 'विल' केलं आणि खाली झोकात सही ठोकली.

नेमणुकीचा कागद हातात पडेपर्यंत बाईंनी तो फळा कुणाला पुसू दिला नाही.