शेवटच्या दहा ओळी

बुधवार, सकाळचे सव्वादहा. नांदरखेडच्या गोसाव्याच्या मठाची ओसरी.

“माझा लेख चौदा हजारांनी वाचला, बुवा! आणि खाली काय? जोडलेले हात, ‘छान’, ‘खूप छान’, आणि दोन शिव्या. लोकांना चार शब्द धड लिहायला काय होतं?”

प्रसन्न दहिवाळ तावातावाने विचारत होता. तालुक्याच्या बातम्यांची वेबसाइट तो एकटाच चालवायचा. वाचकांच्या प्रतिक्रियांची जागा आज तो कायमची बंद करणार होता. बुवांना फक्त सांगायला आला होता.

केशवगिरी बुवा सुपात वाल सोलत होते.

“वाच.”

प्रसन्नने वाचलं. दवाखान्याची नवी इमारत, दोन वर्षं दाराला कुलूप. मग खणखणीत आवाजात शेवटच्या दहा ओळी: दोष कोणाचा, उपाय काय, जनतेने काय समजावं.

“सुरेख,” बुवा म्हणाले. “अख्खं गाव जेवायला बोलावलंस आणि ताटं सगळी तूच चाटूनपुसून ठेवलीस. पाहुणे हात जोडून निघणार नाहीत तर काय करतील?”

“म्हणजे?...”

बुवांनी फोन घेतला. अंगठ्याने शेवटच्या दहा ओळी पुसून टाकल्या.

“अहो! तो माझा निष्कर्ष होता!”

“होता. आता सांग, तुला काय ठाऊक नाही?”

पंधरा वर्षांच्या पत्रकारितेत हे प्रसन्नला कोणी विचारलं नव्हतं...

“कुलूप कोणी लावलं, ते.”

“आणि दोष कोणाचा ते ठाऊक होतं? वा रे पठ्ठ्या! लिही.”

त्या दहा ओळींच्या जागी प्रसन्नने एवढंच लिहून लेख पुन्हा वेबसाइटवर टाकला: ‘कुलूप कोणी लावलं, मला माहीत नाही. तुम्हाला आहे?’

निम्मे वाल सोलून व्हायच्या आत फोन थरथरू लागला. फरशी बसवणाऱ्या गवंड्याने लिहिलं, काम अमुक तारखेला संपलं, तेव्हा दार उघडं होतं. नर्सबाईंनी लिहिलं, औषधांचं कपाट खोक्यासकट आतच आहे. शाळेच्या शिपायाने गवंड्याची तारीख दुरुस्त केली. गवंड्याने लिहिलं, ‘बरोबर, माझं चुकलं.’

“बुवा, चूक कबूल केली! इंटरनेटवर!”

प्रसन्न हसत सुटला. बुवाही असे हसले की सूप कलंडलं, वाल ओसरीभर झाले.

“मग? बंद करतोयस ना आज?”

“गप्प बसा हो, बुवा!”

फोन पुन्हा थरथरला. बुवांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं:

“पारूबाई सुईण लिहिते... ‘दोन वर्षांत कुलूप तीनदा बदललं. परवाच नवं लागलंय.’”