चूलमाईनं आपली जागा सांगितली

ऐक गं चूलमाई, तुझी कहाणी. नगर होतं, आटपाट. नगराबाहेर ओढा, ओढ्यापलीकडे मळा, मळ्यात जुनं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर. भिंती हातभर रुंद, तुळया सागाच्या, पण घर कित्येक वर्षं बंद. कोणी त्यात कडबा ठेवी, कोणी शेळ्या बांधी, माणूस काही राही ना.

नगरात दोघे भाऊ होते. त्यांची वाटणी झाली. थोरल्याला नगरातलं घर आलं, धाकट्याला मळा आला. धाकट्याचं नाव मानाजी, त्याची बायको भागा. दोघा भावांची आई साळूबाई. तिला विचारलं, तू कुणाकडे राहतेस? ती म्हणाली, मी धाकटीकडे. थोरली सून ठकूबाई, ती सासूला आतल्या खोलीत बसवी, ताट दारातून सरकवी, आणि चार बायकांत सांगे, आम्ही सासूबाईंना फुलासारखं ठेवतो.

मग भागा मळ्यात आली. घर पाहून मानाजीचं तोंड उतरलं. भागा म्हणाली, असू दे, भिंती बोलक्या आहेत. तिनं पदर खोचला. कडबा काढला, उंदरांची बिळं बुजवली, पांढऱ्या मातीनं भिंती सारवल्या. कोनाडे घासले, त्यांत पणती, मिठाचं गाडगं, तेलाची बुधली मांडली. पाण्याच्या घागरींना घडवंची केली, दह्यादुधाला शिंकं टांगलं. येणारी जाणारी बाई दारात थांबे, म्हणे, काय गं हात आहे हिचा.

सगळं झालं. चूल तेवढी राहिली.

भागानं माती तुडवली, दारासमोर चूल घातली. म्हणाली, उजेड राहील. मग चूल पेटवली. मग वारा आला. मग सगळा धूर घरात लोटला. सासूचे डोळे आधीच अधू, ते गळू लागले. भागानं चूल मोडली. पुन्हा माती तुडवली, खिडकीखाली चूल घातली. मग पेटवली. मग धूर खिडकीतून गेला आणि दारातून परत आला. सासूचे डोळे सुजले. भागानं चूल मोडली. पुन्हा माती तुडवली, कोपऱ्यात चूल घातली. घाई झाली होती, माती वाळू दिली नाही, ओलीच पेटवली. चूल तडकली, कालवण राखेत गेलं, आणि धूर होता तिथंच राहिला.

वैद्य आला, त्यानं साळूबाईच्या पापण्या उचलून पाहिल्या. म्हणाला, धुरात राहिल्या तर उरलीसुरली नजर जाईल. ही गोष्ट नगरात गेली. ठकूबाईनं निरोप धाडला, शिळ्या सप्तमीला येते. डोळे असेच दिसले तर सासूबाईंना घेऊन जाईन. लोक मला नावं ठेवतात.

साळूबाईनं ऐकलं. आपलं गाठोडं जवळ ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

भागानं घागर उचलली. ती ओढ्यावर गेली, घागर बुडवली, तशीच बसून राहिली. तिथं एक म्हातारी आली. कपाळ राखेनं माखलेलं, हातात फुटकं खापर. म्हणाली, "मुली, विस्तव दे गं थोडा." भागानं तिला घरी आणलं, खापरात चार निखारे घातले. म्हातारीनं चुलीला हात लावला, म्हणाली, "ही दमली गं. उठसूट मोडतेस, उठसूट पेटवतेस. तिला घर पाहू दिलंस का? तू तरी पाहिलंस का?"

भागा म्हणाली, "आजी, मी काय करू ते सांगा."

"वसा घे."

"वसा कशाचा? कसा घ्यावा?"

"घेशील, मग कंटाळशील, लाजशील, अर्ध्यात सोडशील."

"कंटाळणार नाही, लाजणार नाही, अर्ध्यात सोडणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "श्रावणात शिळी सप्तमी येते. आदल्या दिवशी सैपाक करून ठेवावा. सप्तमीला राख काढावी, चूल सारवावी, हळदकुंकू वाहावं. विस्तव घालू नये, फुंकणीला हात लावू नये. दिवसभर चुलीपाशी बसावं. दारी येईल त्याला शिळं वाढावं. मग चूल आपली जागा आपण सांगते." असं म्हणून म्हातारी निघाली. भागा दारापर्यंत पोचवायला गेली, तर वाटेवर कोणी नाही.

सप्तमी आली. तोच ठकूबाईच्या येण्याचा दिवस. मानाजी म्हणाला, अगं, आज तरी ताजं कर, वहिनी काय म्हणेल? भागा म्हणाली, वसा घेतलाय. तिनं चूल सारवली, हळदकुंकू वाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून बसली. तिला हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. पहिल्यांदा पाय आखडले. मग जांभया आल्या. मग हळूहळू घर दिसू लागलं. ऊन कुठून आत येतं, वारा कुठे वळतो, मांजर कुठे निजतं. मग तिची मान वर गेली. ती जेव्हा जेव्हा तिथं बसली होती तेव्हा धूर होता, डोळे मिटलेले होते. आज धूर नव्हता.

माजघराच्या मधोमध, वर, तुळया काजळीनं काळ्या कुळकुळीत. बाकी छत मातीच्या रंगाचं. आणि त्या काळ्याच्या ऐन मध्यात टोपलीएवढा एक गोल, फिकट, लिंपलेला.

भागा उठणार, इतक्यात दारात बैलगाडी थांबली. ठकूबाई उतरली. आत आली, चुलीत पाहिलं, म्हणाली, "विस्तवसुद्धा नाही का गं घरात? उपाशी मारतेस का म्हातारीला? उठा सासूबाई." आणि गाठोड्याला हात घातला.

भागाच्या हाताशी फुंकणी होती, आगपेटी होती. काडी ओढली असती तर अब्रू राहिली असती. तिनं काडी ओढली नाही. पाट मांडला, कालची भाकरी, दही, लसणाची चटणी, गूळपुरण भरून उकडलेले शिळे दिंड वाढले. म्हणाली, "जाऊबाई, आज हेच आहे. बसा."

ठकूबाई नाक मुरडत बसली. दिंड खाल्ले. अजून एक मागितला. मग अजून एक मागितला.

तेवढ्यात साळूबाई बोलली. "ठके, माझं गाठोडं होतं तिथं ठेव. या घरात आले तेव्हापासून आज पहिल्यांदा माझे डोळे गळले नाहीत. धाकटीनं मला चूल विझवून दाखवली, तू कधी दार उघडून दाखवलंस? मी इथंच राहणार."

ठकूबाईचा घास हातात राहिला. गाडी आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी भागानं मानाजीला तो गोल दाखवला, मानाजी धाब्यावर चढला. जिथं फिकट गोल होता तिथं माती उकरली. खाली फरशी लागली. कडबा ठेवणाऱ्यांनी पाणी गळू नये म्हणून जुनं धुराचं भोक, ज्याला साणं म्हणतात, ते बुजवून टाकलं होतं. मानाजीनं फरशी काढली, सभोवती हातभर कठडा बांधला, तीच फरशी वर तिरपी बसवली. पाऊस बाहेर, धूर बाहेर. भागानं साण्याखाली चूल घातली, शेजारी दुसऱ्या भांड्याला वैल ठेवला, सावलीत आठ दिवस वाळू दिली. मग पेटवली. धूर काठी धरल्यासारखा सरळ उठला आणि साण्यातून निघून गेला.

नगरातल्या बाया चूल बघायला येऊ लागल्या. ठकूबाईही आली. पुष्कळ वेळ मान वर करून उभी राहिली, मग हळूच म्हणाली, भागे, मलाही तो वसा सांग. भागानं सांगितला.

साळूबाई रोज चुलीपाशी बसून शेंगा सोलू लागली. डोळ्यांची सूज उतरली, पाणी थांबलं. एके सकाळी साण्यातून ऊन उतरलं, ते भाकरी थापणाऱ्या भागाच्या तोंडावर पडलं. साळूबाई टक लावून पाहत राहिली. म्हणाली, "अगं, तुझ्या नाकाशेजारी तीळ आहे. सून आणून इतकी वर्षं झाली, मला आज दिसला."

भागा लाजली. तव्यावरची भाकरी टम्म फुगली.

भागाला जशी चूलमाई पावली, तशी तुम्हाआम्हा पावो. साळूबाईला जसं आपलं माणूस दिसलं, तसं सगळ्यांना दिसो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत फळाला आली, पुरी झाली.