पाठमोरे मास्तर

“मग आज तरी वळाल ना, मास्तर?”

लोटन बोरसेनं हे विचारलं तेव्हा कादर मास्तर दर्ग्याच्या आवारात, कडुनिंबाखाली स्टुलावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. लोटनच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले.

लोटनला बरं वाटलं. मास्तर आपले ओठ बघतायत म्हणजे अजून तसेच आहेत, कडक. ओठांची ठेवण तपासतायत.

मघाशी पाया पडताना त्यानं वाकूनच तब्येतीची चौकशी केली होती. तिलाही उत्तर मिळालं नव्हतं. मास्तर पूर्वीपासून असेच, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

हे वळणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पांझरेकाठच्या त्या गावात कादर मास्तरांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. पोराला वाचायला उभं करायचे आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. म्हणायचे, “तोंड दिसलं की माझा कान मऊ पडतो. दया येते.”

वाचणाऱ्याचं व्याकरण आणि उच्चार दोन्ही चोख निघाले तरच ते खुर्ची वळवायचे. शाबासकी नाही, जादा गुण नाहीत. मास्तर वळले, एवढंच. पण तेवढ्यासाठी पोरं घरी गोठ्यात जाऊन म्हशींना इंग्रजी धडे वाचून दाखवायची.

लोटनसाठी मास्तर कधी वळले नाहीत.

दुसरा एखादा असता तर चार दिवस चडफडला असता आणि विसरून गेला असता. लोटननं ते मनाला लावून घेतलं. दातांत पेन धरून वाचलं. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हटला, पट्टी हलेपर्यंत म्हटला. जीभ कुठे टेकते ते आरशात बघितलं. रेडिओवरच्या साहेबाच्या मागोमाग बातम्या पुटपुटल्या. बापाच्या दहाव्याला घाटावर बसून तो मनातल्या मनात क्रियापदांची रूपं चालवत होता, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

पुढे नाशकात त्याचा क्लास निघाला आणि जोरात चालला. पाटीवर ‘एल. ए. बोरसे सर’ असं लिहिलेलं. लोटन हे नाव इंग्रजी अक्षरांत शोभत नाही, असं त्याचं मत. त्याची पोरं विमानांत आणि मोठमोठ्या हॉटेलांत नोकरीला लागली. क्लासमध्ये बोरसे सर पोरांकडे पाठ करून बसायचे. ही युक्ती कुणाची, हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

“मी वाचतो,” लोटन म्हणाला. “तुम्ही पूर्वीसारखे बसा.”

“पूर्वीसारखा?”

“पाठमोरे.”

मास्तरांनी एकदा भिंतीकडे बघितलं.

“समोर बसलो तर नाही चालणार?”

“नाही मास्तर. मला दया नको.”

“बघ बाबा…”

“पाठमोरेच बसा.”

मास्तर उठले. स्टूल उचलून त्यांनी आवाराच्या भिंतीजवळ नेलं आणि चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले. मान पार वाळली होती. सदरा खांद्यांवर लोंबत होता. पण पाठ तीच. ती बघताच लोटन नववीतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला.

त्यानं पिशवीतून कागद काढले. पुण्याच्या एका कॉलेजात केलेलं भाषण होतं. त्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

तो वाचू लागला.

खोटं कशाला सांगा, वाचलं छानच. जिथं श्वास घ्यायचा तिथंच घेतला. जोर द्यायचा त्याच अक्षरावर दिला. ‘व’चे दोन उच्चार वेगळे ठेवले. आपल्याकडे भल्याभल्यांची तिथं फे फे उडते. वाक्य लांबलं तरी कर्ता आणि क्रियापद यांची फारकत होऊ दिली नाही. शेवटचा शब्द त्यानं हलकेच खाली ठेवला आणि वाट बघितली.

दर्ग्याच्या छज्ज्यावर पारवे घुमत होते.

पाठ हलली नाही.

“पुन्हा वाचू?”

…

गप्प बसणं म्हणजे होकार, असं धरून त्यानं पुन्हा वाचलं. आधीपेक्षा सरस वाचलं. पाठ हलली नाही.

मग ज्या शब्दांची त्याला स्वतःलाच थोडी शंका होती, ते सगळे घासूनपुसून तिसऱ्यांदा वाचलं. कपाळावरचा घाम कागदावर पडला. शेवटच्या पानावर आवाज चिरकला, पण उच्चार सुटू दिला नाही.

पाठ तशीच.

“चूक कुठे आहे ते तरी सांगा,” लोटन म्हणाला.

…

“एक शब्द सांगा, मास्तर. कुठला अडतोय?”

…

कागद त्याच्या हातातून सुटले. ते उचलायला तो वाकला आणि वाकल्यावर त्याला उठवेना. मग तिथंच फरशीवर बसून, त्या पाठीकडे बघत, ज्यासाठी खरं तर तो नाशकाहून आला होता ते बोलू लागला. आता बोलणं मराठीत होतं आणि त्यात जोरबीर काही नव्हता.

“मला एक मुलगी आहे. शर्वरी. लहान होती तेव्हा घर डोक्यावर घ्यायची, इतकं बोलायची. मी तिला इंग्रजी वाचायला बसवलं. रोज. तुमच्यासारखाच पाठ करून बसलो. म्हटलं, हिचं चोख झालं की वळेन… एक दिवस ती अडखळायला लागली. मी वळलो नाही. म्हटलं, सुटेल. नाही सुटलं. डॉक्टर म्हणतात जिभेत काही दोष नाही. आता ती माझ्याशी बोलतच नाही. मान हलवते. तिच्या आजीशी फोनवर खिदळत असते, मी खोलीत आलो की गप्प.”

त्यानं नाक पुसलं.

“बायको म्हणाली, तिच्याकडे तोंड करून बसा, इतकं काय अवघड आहे? काय सांगू तिला? बसवत नाही मला. वाटतं, माझंच अजून कुणी बरोबर म्हटलेलं नाही, मी कसा वळू? तुम्ही एकदा वळा, मास्तर. माझ्यासाठी नका. त्या पोरीसाठी वळा.”

वाऱ्यानं निंबाची चार पानं मास्तरांच्या खांद्यावर पडली. ती त्यांनी झटकली. वळले नाहीत.

तेव्हा मात्र लोटनचा तोल गेला.

“दगड आहात तुम्ही,” तो म्हणाला. “शाळेतही मुद्दाम वळला नाहीत. खेड्यातलं पोर, आडदांड, जीभ जड. त्याला उभं जाळायचं होतं तुम्हाला.”

आवाराच्या कोपऱ्यातल्या खोलीतून मास्तरांची सून नसीम चहाचे कप घेऊन येत होती. ती मध्येच थांबली. फरशीवर बसलेल्या पाहुण्याकडे आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सासऱ्याकडे तिनं आळीपाळीनं बघितलं.

“भाऊ, पाठीमागून काय बोलताय त्यांच्याशी?”

“ऐकतायत ते.”

“कुठून ऐकणार? त्यांचे कान कधीच गेले. ताप आला होता मोठा, त्यात गेले. समोर जाऊन बोला, ओठ बघून समजतं त्यांना.”

तिनं मास्तरांच्या खांद्याला हात लावला.

आणि मास्तर वळले.

लोटननं ज्यासाठी अर्धं आयुष्य घालवलं, ते असं घडलं. समोर चहा होता. मास्तरांनी कप घेतला, चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. नसीम दुसरा कप लोटनजवळ फरशीवर ठेवून आत गेली.

लोटन सरकत स्टुलासमोर आला.

“ऐकू येत नाही तर सांगितलं का नाहीत?”

मास्तर त्याच्या ओठांकडे बघत होते. मघासारखेच.

“समोर बसतो म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“मी तासभर बोलतोय तुमच्याशी.”

“तू पाठ मागितलीस. दिली.”

लोटनला हसू आलं की रडू, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी बशी रिकामी केली.

“इंग्रजी वाचलंस?”

“हो.”

“सगळा वेळ?”

लोटननं मान हलवली. नाही. मघाचं सगळं पुन्हा सांगायला हवं होतं. पाठीला सांगताना ते भडाभडा आलं होतं. आता समोर दोन डोळे होते, म्हातारे, पाणावलेले, त्याच्या तोंडावर रोखलेले. त्यानं तोंड उघडलं.

“माझी… माझी मु…”

पुढचं येईना. नाशकातल्या मोठमोठ्या सभागृहांत न अडखळलेली ती जीभ टाळ्याला जाऊन चिकटली.

“सावकाश,” मास्तर म्हणाले. “ओठ दिसू दे.”

“माझी मुलगी. वाचायला बसायची. मी पाठ करून बसायचो. आता… बोलत नाही.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली.

“तू पाठ करून बसायचास?”

“तुमच्यासारखाच.”

मास्तर बराच वेळ हाताच्या तळव्यानं गुडघा चोळत राहिले. लोटनला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी रागही आला. त्या रागाच्या भरात त्यानं इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारून टाकला. मास्तरांना एकही शब्द निसटू नये म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारला.

“शाळेत तुमचे कान शाबूत होते. तेव्हा मी बरोबर वाचायचो का?”

मास्तरांनी गुडघा चोळणं थांबवलं.

“तेवढं सांगा. मी उठून जातो.”

“तुझ्या मुलीच्या चुका आठवतात तुला?”

“सगळ्या,” लोटन म्हणाला. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. कुठला शब्द, कुठल्या दिवशी, जीभ कुठे घसरली, सगळं त्याला धड्यासारखं तोंडपाठ होतं.

“आणि आवाज?”

लोटन बोलायला गेला आणि थांबला. घर डोक्यावर घेणारी ती पोरगी त्यानं आठवून बघितली. फ्रॉक आठवला. पडलेला दात आठवला. त्या दातामुळे बिघडणारे उच्चार आठवले. आवाज काही येईना. त्यानं डोळे मिटून बघितलं, तरी येईना.

मास्तर त्याच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले नाहीत.

“तुझा आवाज मलाही आठवत नाही, लोटन,” मास्तर म्हणाले. “आणि आता ऐकायची सोय राहिली नाही.”