पिस्तुलाचे घर

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक वृद्ध जीनगर राहत असे. खोगिरे, लगाम, कमरपट्टे आणि हत्यारांची घरे करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. चष्म्याला जसे घर असते तसे पिस्तुलालाही असते. शहरातले लोक त्याला होल्स्टर म्हणतात. म्हणोत बापडे, कातडे तेच आणि सुईही तीच.

या वृद्धाचे दोन शिष्य होते. दौलती बारा वर्षांपासून त्याच्या हाताखाली होता. धुरपदा नावाची विधवा, दोन लेकरांची आई, आठ महिन्यांपूर्वी आली होती. बारा वर्षांत गुरूने दौलतीला 'बरं आहे' याच्या पलीकडे काही म्हटले नव्हते. धुरपदाला मात्र तिसऱ्याच महिन्यात, एका लगामाची शिवण बोटाने चाचपून, तो 'वा' म्हणाला. एकच 'वा', पण त्या दिवसापासून दौलतीच्या घशाखाली घास सुखाने उतरेना.

लोक म्हणतात, मत्सर हा रिकाम्या माणसाचा धंदा. साफ खोटे. मत्सरी माणसाइतका राबणारा दुसरा कोणी नाही. तो स्वतःचे काम करतोच, वर दुसऱ्याच्या कामावर पहाराही देतो. गुरूने चहाची कपबशी आधी कोणापुढे सरकवली, नवे कातडे कोणाला दाखवले, कोणाच्या शिवणीवर त्याचे बोट किती वेळ थांबले, हे सारे दौलतीला तोंडपाठ असे. धुरपदा त्याला 'दौलतीदादा' म्हणे आणि अडले की विचारायला येई. तेही त्याला खुपत असे. ही विचारते म्हणजे माझ्याकडून काढून घेते, असा त्याचा हिशेब.

एके दिवशी एक सराफीण दुकानात आली. नवऱ्यामागे पेढी तीच चालवत होती आणि आठवड्याच्या बाजारांना दागिने घेऊन टांग्याने जात होती. वाटेत दोनदा तिचा टांगा अडवला गेला होता. नवऱ्याचे पिस्तूल आता परवान्यासह तिच्या नावावर झाले होते. तिने ते गुरूपुढे ठेवले. चांगले लांबरुंद, पूर्ण मापाचे हत्यार होते ते.

"लहान का नाही घेतलंत, बाई?" दौलतीने विचारले.

"मला हेच चालवता येतं," ती म्हणाली. "आता ऐका. हे कुणाला दिसता कामा नये, आणि मला टोचताही कामा नये. ही दोन्ही एकत्र जमत नसतील तर आत्ताच सांगा, मी दुसरा कारागीर बघते."

गुरूने दोन्ही शिष्यांकडे पाहिले. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय," तो म्हणाला. "यापुढं या दुकानात कातडं कोणी बेतायचं, ते ठरवायला हवं. दोघांनी एकेक घर करा. बाई एक बाजार हे बांधून करतील, एक बाजार ते. ज्याचं ठेवून घेतील तो बेतेल. दुसऱ्यानं शिवावं."

बेतणारा तो मालक आणि शिवणारा तो हाताखालचा, हे त्या धंद्यातले पोरसुद्धा जाणते. दौलतीचे कान तापले. बारा वर्षांनंतर हिच्याबरोबर परीक्षा?

त्याने सराफिणीला ताठ उभे केले, दोरीने कंबर मापली आणि मग सहा दिवस पिस्तुलाचीच मापे घेतली. नळीची लांबी, मुठीची जाडी, पाठीचा बाक, सारे कसे केसाच्या अंतराने. त्याने इतके पातळ आणि इतके घट्ट घर बेतले की पिस्तुलावर जणू दुसरी कातडी चढावी. कडेला वेलबुट्टीही उमटवली, जी पदराआड कोणालाही दिसणार नव्हती. धुरपदाला दिसणार होती, तेवढे पुरे होते.

धुरपदाने पिस्तूल बाजूला ठेवले आणि विचारले, "बाई, पेढीवर तुम्ही बसता कशा?" तिने सराफिणीला मांडी घालून बसवले, तराजू उचलायला लावला, वाकून तांब्या घ्यायला लावला, टांग्यात चढल्यासारखे पाय उचलायला लावले. सराफीण हसून म्हणाली, "मला नाचायला तेवढं लावू नकोस." धुरपदाने बेतले ते घर दिसायला ओबडधोबड होते. चार बोटे रुंद, कडक पट्टा, कारण एवढे वजन नाडीने पेलत नाही. घर डाव्या कुशीला, पदराआड, मूठ उजव्या हाताकडे किंचित कललेली. अंगाच्या बाजूला मेंढीच्या मऊ कातड्याचे अस्तर. आणि चापावर म्हशीच्या कडक कातड्याचा एक तुकडा, दुहेरी टाक्याने शिवलेला, म्हणजे कपड्याची घडी किंवा बोट चुकूनसुद्धा चापापर्यंत पोचू नये.

पहिला बाजार सराफिणीने दौलतीचे घर बांधून केला. परत आली ती कुशीवर हात ठेवूनच.

"शोभेला तर असं आहे की लग्नात आहेर करावा," ती म्हणाली. "पण बसले की मूठ बरगडीत. दिवसभर एका अंगावर बसून काढला. हात सारखा तिथंच जायचा. गिऱ्हाइकं विचारायला लागली, बाई, पोटात दुखतंय का? तू लपवलंस रे, पण माझ्या हातानं सगळ्या बाजाराला सांगितलं."

दौलतीने मान खाली घातली. धुरपदा हसली नाही. ती हसली असती तर त्याला सोपे गेले असते.

पुढच्या बाजाराला दोन दिवस होते. भर दुपारी गुरू आत आडवा झाला होता आणि धुरपदा विहिरीवर गेली होती. दौलतीने तिचे घर उचलले, आतून उलटे केले आणि रापीच्या टोकाने चापावरच्या तुकड्याचे टाके एकाआड एक कापले. वरून शिवण जशीच्या तशी. चार-सहा तासांच्या हालचालीने तुकडा सैल होईल, लोंबेल, बाई चिडून परत आणतील आणि म्हणतील, शिवण कच्ची. त्याने एवढाच विचार केला. सैल झालेला तुकडा आत वळला तर कोणत्या वस्तूवर दाबेल, तो विचार त्याच्या मनाच्या उंबऱ्यापर्यंत आला. त्याने दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराफिणीकडून पिस्तूल आले. गुरूने ते धुरपदाच्या घरात बसवले आणि मग जिचा अर्थ कोणालाच लागेना अशी एक गोष्ट केली. त्याने तो पट्टा दौलतीपुढे धरला.

"आज दिवसभर तू बांध."

"मी?" दौलती म्हणाला. "हे बाईंचं आहे, बाबा."

"पट्ट्याला भोकं आहेत. तुझ्या पोटाला लागेल ते निवड."

धुरपदा म्हणाली, "बाबा, पण माप दौलतीदादाच्या अंगाचं नाही."

"माप राहू दे. ऊठबस कर, बाजारात जा, घरी जाऊन जेव. वरून बंडी घाल. पिस्तूल बाहेर काढायचं नाही, चापाशी हात न्यायचा नाही. दिवस मावळला की परत आण."

ते भरलेले आहे का, हा प्रश्न दौलतीच्या जिभेवर आला. पण विचारले तर गुरू म्हणेल, एवढं घाबरायला काय झालं? मग टाक्यांचे सांगावे लागले असते. त्याने गुपचूप पट्टा बांधला.

तो रस्त्याने निघाला तो काठी गिळल्यासारखा. कातडी आणायला गेला, पण वाकेना. गठ्ठा दुसऱ्याकडून डोक्यावर चढवून घेतला. न्हाव्याने दुकानातून हाक मारली, "काय दौलती, नवरदेव झालास का? हळद लागल्यासारखा चालतोयस."

"पाठ धरलीय."

"पाठ धरलेला माणूस वाकून चालतो, बाबा. तू तर मिरवतोयस."

ऊन चढले तसे त्याला हळूहळू एक कळू लागले, आणि ते कळायला नको होते. पट्टा वजन कमरेवर सारखे वाटून घेत होता. लोखंड अंगाला लागत नव्हते. चावडीच्या पायरीवर तो बसला तेव्हा मूठ आपोआप बाजूला कलली, जणू कोणीतरी म्हणावे, बसा दादा, मी सरकते. बारा वर्षे कातडे हाताळणारा हात होता त्याचा. चांगले काम त्याला कळत होते, आणि कळत होते म्हणूनच ते सलत होते. हे मला का सुचले नाही?

दुपारी घरी पिठले-भाकरी जेवताना तो कमरेचे पिस्तूल पार विसरला. बायकोला काहीतरी सांगत होता, हसतही होता. मिरची लागली, ठसका आला, आणि कुशीत, अगदी बारीक, एक दोरा तटकन तुटला.

ठसका तिथेच थांबला. त्याने श्वासही जपून घेतला. सैल झालेला तुकडा आता कुठे आहे? बाहेर आहे की आत वळला? नळीचे तोंड त्याच्याच मांडीकडे होते.

तेवढ्यात त्याची तीन वर्षांची लेक अंगणातून धावत आली आणि रोजच्यासारखी त्याच्या कमरेला मिठी मारायला झेपावली. तिचे डोके नेमके डाव्या कुशीशी यायचे. दौलतीने दोन्ही हातांनी तिला इतक्या जोरात ढकलले की पोर पालथी पडली. क्षणभर तिला रडूही आले नाही. बापाने मारले हे तिला कळायला वेळ लागला.

"अहो, येड लागलं का तुम्हाला?" बायको ओरडली.

तो उठला आणि चालू लागला. समोरून कोणी आले की रस्ता सोडून कडेने गेला. दिवस मावळायला पुष्कळ अवकाश होता.

दुकानात गुरू आणि धुरपदा, दोघेही होते. दौलती हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. "बाबा, हे काढा."

गुरूने पट्टा सोडला. "टोचलं?"

"नाही."

"ओझं झालं?"

"नाही. जेवताना विसरलो होतो. इतकं ते..." पुढचा शब्द त्याला जड गेला, पण त्याने तो उच्चारला. "इतकं ते चांगलं आहे. टाके मी कापलेत. काल दुपारी. चापावरचे."

धुरपदाने घर घेतले, पिस्तूल काढून गुरूकडे दिले आणि आत बोट घालून तुटलेले टाके मोजले. "नऊ," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझी रापी चोरली असतीस, माझ्याविषयी गावात काही उठवलं असतंस, तर मी समजले असते. ती बाई उद्या टांग्यात बसणार होती, दौलतीदादा. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं."

दौलतीने गुरूकडे पाहिले. "तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही मला बांधायला लावलंत."

"मला काय माहीत?" वृद्ध म्हणाला. त्याने पिस्तुलातून काडतुसांच्या जागी वजनासाठी भरलेले शिशाचे तुकडे काढून चटईवर ठेवले. "भरलेलं हत्यार मी कुणाच्या पोटाला बांधीन होय? मला एवढंच दिसत होतं की तू जळतोस. ज्याच्या कामावर माणूस जळतो, ते काम तो नीट बघत नाही. फक्त त्याचा गवगवा बघतो. म्हटलं, एक दिवस अंगावर घालू दे. बघितल्यावर जळणं तरी कमी होईल, नाहीतर शिकणं तरी होईल." त्याने एक तुकडा उचलून दौलतीच्या तळहातावर ठेवला. "सबंध दिवस तू शिशाला भ्यालास. एका शब्दानं विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पण मत्सराचं हत्यारच असं आहे, बाळा. ते माणूस लपवून बाळगतो, म्हणून त्याविषयी कुणाला विचारता येत नाही. त्याला घर नाही, अस्तर नाही, आणि त्याचं तोंड सदा आपल्याच मांडीकडे, नाहीतर मिठी मारायला येणाऱ्याकडे."

दौलतीने लेकीविषयी काही सांगितले नव्हते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले ते त्याने पुसले नाही.

"आता बेतायचं काम धुरपदाचं," गुरू म्हणाला. "ते तसंही तिचंच झालं असतं. तू राहायचं की जायचं, ते तिला विचार. आणि उद्या बाईंना सगळं सांगायचं. तू सांगायचंस. ऐकूनही त्यांनी बांधलं तर बांधलं."

धुरपदाने सुई काढली. दौलतीकडे न बघता मेणाचा गोळा आणि दोरा त्याच्यापुढे टाकला. दोऱ्याला मेण लावणे हे नव्या शिष्याचे पहिल्या दिवसाचे काम. बारा वर्षांपूर्वी त्याने ते केले होते. तो खाली बसला आणि मेण लावू लागला.

नऊपैकी पाच टाके झाल्यावर त्याने विचारले, "बसल्या माणसाचं माप घ्यायचं तुला सुचलं कसं?"

तिने टाका ओढून घट्ट केला. सांगावे की न सांगावे, असा तिचा हात क्षणभर थांबला. "थोरला पोटात होता तेव्हा सात महिने नवऱ्याच्या हाताखाली खोगिरं शिवली मी. उभं राहिलं की ओझं जाणवत नाही. ते बसल्यावर कळतं, आणि वाकल्यावर. पुरुषांना ते कुठून कळायचं?" मग थोडे थांबून, "दोरा आखूड पडतोय. अजून एक लाव."

त्याने लावला.

सकाळी सराफीण आली. दौलतीने उभ्या उभ्या, एकही गोष्ट न गाळता, तिला सांगितले. ती ऐकत असताना तिच्या कपाळावरची शीर उठली. तिने घर उलटे केले, आतली नवी शिवण नखाने ओढून पाहिली, कडक तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला.

"हे टाके कुणी घातले?"

"धुरपदानं."

"आणि दोरा?"

"मी मेणावला."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले, चांगले दोन श्वास. मग पट्टा घेऊन आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा पदर नीट होता आणि दोन्ही हात मोकळे होते. टांग्यात चढताना तिचा हात कुशीकडे गेला नाही. टांगा वळणावर दिसेनासा होईपर्यंत दौलती आणि धुरपदा दारात उभे होते, दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून.

ज्याच्या कामाचा आपल्याला मत्सर वाटतो, त्याचे काम एक दिवस आपल्या अंगावर बांधून पाहावे.