तेलकट खांब आणि केळ्यांचा घड

एका रानात माकडांची एक वस्ती होती, आणि त्या वस्तीत तरुण माकडांना झाडावर चढायलाच वेळ नव्हता. सगळी जमिनीवर मांडी घालून कोडी सोडवत बसायची.

कारण रानापलीकडे हत्तीणराणीची आमराई होती. तिथं राखणीचं काम मिळालं की जन्माची चिंता मिटली. पूर्वी आमराईचं फाटक उघडं असायचं. आज जी माकडं म्हातारी आहेत ती सरळ आत गेली, एकेक फांदी धरली आणि कामाला लागली. पुढं गर्दी वाढली, तेव्हा ह्याच म्हाताऱ्यांनी राणीला सुचवलं, "परीक्षा ठेवा. हल्लीच्या पोरांना अक्कल कमी." झालं! तेव्हापासून कोडं सुटलं तर आत, चुकलं तर बाहेर, आणि तीनदा चुकलं तर कायमचं बाहेर.

कोडी तरी कसली? आठ सुतारपक्षी एक झाड बारा दिवसांत पोखरतात, तर सोळा पक्षी किती दिवसांत पोखरतील? आता आंबे राखायला सुतारपक्ष्यांचा हिशेब कशाला हवा, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की म्हातारे म्हणायचे, "आम्ही नाही बुवा असले उलट प्रश्न केले." बरोबरच आहे. त्यांना कुणी कोडंच घातलं नव्हतं.

वस्तीत एक कोडेगुरुजी होते. त्यांची शिकवणी जोरात चालायची. त्यांचा मंत्र एकच, "कोडं ऐकत बसायचं नाही, ओळखायचं! पहिले चार शब्द कानावर पडले की उत्तर तोंडात हवं."

शिकवणीत झिपरी नावाची एक माकडीण सगळ्यात पुढं होती. तिचे केस कायम डोळ्यांवर, पण उत्तर कायम जिभेवर. आणि सगळ्यात मागं बसायचा भुंडा. लहानपणी त्याचं शेपूट फाटकात सापडून तुटलं होतं, म्हणून भुंडा. तो दोनदा नापास झाला होता. आता एकच संधी उरली होती.

एके दिवशी गुरुजी म्हणाले, "वीस हात उंच खांब. खांबाला तेल. माकड एका उडीत तीन हात चढतं, दोन हात घसरतं. कितव्या उडीला टोक गाठेल?"

"अठराव्या!" झिपरी ओरडली.

"शाब्बास! विसातून दोन वजा. पाठ करून ठेवा. वीस हात म्हटलं की अठरा."

भुंड्यानं हात वर केला. "गुरुजी, तेल कुणी लावलं?"

वर्ग हसला. गुरुजींनी त्याचा कान पिरगाळला. "तुझ्या बापानं! बस खाली. अठरा लिही."

"पण उडीला एकच हात वर जातोय ना? मग वीस उड्या लागतील."

"लिही म्हटलं ना, अठरा!"

संध्याकाळी भुंड्याचा बाप घरी आंबा चोखत बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या वयात मी दोन झाडं राखत होतो." भुंडा उठला. बाहेर येऊन झिपरीच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "झिपरे, मला नाही जमायचं. तू मला शिकवत बसलीस तर तुझंही बुडेल. गुरुजीपण तेच म्हणतात."

"गुरुजींना एक दिवस मीच बुडवणार आहे," झिपरी म्हणाली. "ऊठ."

तिनं सात हातांचा एक बांबू जमिनीत रोवला आणि करंजाचं तेल आणून वरपासून खालपर्यंत चोपडलं. "चढ."

भुंडा चढला आणि घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. झिपरी हसून लोळायला लागली. "अरे भुंड्या, शेपूट नाही ते बरंय, नाहीतर त्यावरच बसला असतास!"

"हस तू! तेल काय कमी लावलंयस होय गं? भजी तळायचीत का माझी?"

चौथ्यांदा घसरून तो थांबला. मग दात खाऊन त्यानं पाचवी उडी मारली आणि टोक दोन्ही हातांनी धरलं.

"आता घसर की," झिपरी खालून म्हणाली.

"कशाला घसरू? पोचलो ना वर! धरून बसलोय." एवढं बोलून भुंड्यानं खाली तेलात उमटलेल्या खुणांकडं पाहिलं. मग वरूनच ओरडला, "झिपरे! शेवटच्या उडीला घसरण नसते गं! म्हणून सात नाही, पाच!"

झिपरीचं हसू थांबलं. दोन वजा करायचे, एवढं तिला पाठ होतं. का करायचे, हे तिला आजच कळत होतं. तिनं ते भुंड्याला सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "उतर आता. उद्या दुसरं कोडं."

त्यानंतर ती रोज त्याला एकेक कोडं करून दाखवायची. तो हळूहळू जायचा, आणि त्याचं होईपर्यंत तिला थांबावं लागायचं. आधी ती वैतागायची. पुढं पुढं तिला ते थांबणं आवडायला लागलं.

परीक्षेचा दिवस आला. यंदा पाचजणांची पाळी होती. नियम असा होता, की उत्तर राणीच्या कानात सांगायचं, एकदा सांगितलं की बदलायचं नाही, आणि राणी केळ्यांचा घड संपवेपर्यंतच वेळ. सगळे म्हातारे बघायला जमले होते. दुसऱ्याची फजिती बघायला त्यांना नेहमीच वेळ असायचा.

राणीनं सुरुवात केली, "वीस हात उंच, तेल लावलेला खांब..."

गुरुजींनी खूण केली. त्यांचे तीन पट्टशिष्य धावत सुटले आणि राणीच्या कानात "अठरा!" असं किंचाळले. झिपरीही उठली होती. तिचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिची नजर शेजारी गेली. भुंड्यानं गुडघ्यावर दोन बोटं टेकवली होती आणि तो राणीकडं बघत पुढचं ऐकायची वाट पाहत होता. सवयीनं तीही थांबली.

"माझं बोलणं संपलं नव्हतं," राणी कान झटकत म्हणाली. "माकड एका उडीत पाच हात चढतं, दोन हात घसरतं. कितव्या उडीला टोक गाठेल? तुम्ही तिघं जा घरी." आणि तिनं पहिलं केळं तोंडात टाकलं.

झिपरीनं हिशेब केला, राणीच्या कानाशी गेली, उत्तर सांगितलं आणि परत आली. राणीनं मान डोलावली. मागं उरला एकटा भुंडा.

त्याची बोटं गुडघ्यावरून मांडीवर चढत होती, घसरत होती. पाचावर जाऊन तिनावर. आठावर जाऊन सहावर.

"अरे, ही परीक्षा आहे, खाज सुटलीय का?" एक म्हातारा ओरडला. सगळे खिदळले.

"तिसऱ्यांदा नाक कापणार हा माझं," बाप म्हणाला.

घड निम्मा झाला. भुंड्याची बोटं चुकली. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात केली. झिपरीला उत्तर माहीत होतं, पण ते सांगून चालणार नव्हतं. ती म्हाताऱ्यांकडं वळून कडाडली, "गप्प बसा जरा! त्याला चढू द्या!"

ह्या वस्तीत म्हाताऱ्यांना असं कुणी बोललं नव्हतं. ते खरंच गप्प बसले.

राणीनं शेवटचं केळं सोंडेत धरलं. भुंड्याची बोटं पंधरावर होती. तिथून ती उठली आणि विसावर टेकली, ती तिथंच राहिली. तो धडपडत धावला. केळं राणीच्या तोंडात जायच्या आत त्यानं कानात सांगितलं, "सहाव्या."

राणीनं सोंड उंचावली. "दोघंही आत!"

बापानं लगेच टाळ्या वाजवल्या. गुरुजी तर त्याच्याही पुढं. भुंड्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझाच विद्यार्थी! सांग बाळा, कोणती युक्ती वापरलीस?"

"घसरलो, गुरुजी," भुंडा म्हणाला. "खूपदा घसरलो. ही खाली उभी होती."

आणि तो झिपरीचा हात धरून फाटकातून आत गेला.

तात्पर्य काढायचंच तर ते असं: पोरांनो, प्रश्न संपेपर्यंत ऐका, आणि जो हळू शिकतो त्याच्यासाठी थांबा, त्यात तुमचंही शिकणं होतं. आणि मोठ्यांनो, पोर चढत असताना तुम्हाला मदत जमत नसेल, तर निदान गप्प बसा.