शेवटच्या बाकावरचे हेडमास्तर

भेंडेवस्तीच्या सार्वजनिक विद्यालयात, सहावीच्या वर्गात अगदी मागे, भिंतीला चिकटून एक बाक आहे. इतका बुटका की मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला टेकावेत. वर्षभर तो रिकामाच असतो, मुलांना तिथे बसू देत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी मात्र खुद्द मुख्याध्यापक तिथे जाऊन बसतात. सगळ्यांत नवा लागलेला शिक्षक हजेरी घेतो आणि शेवटच्या मुलानंतरचा क्रमांक मुख्याध्यापकांचा असतो. प्रवेशासाठी आलेले पालक हे पाहून बुचकळ्यात पडतात. मग शिपाई त्यांना व्हरांड्यात थांबवून रेठरेकर मास्तरांची गोष्ट सांगतात.

तेव्हा म्हणे इथे सोसायट्या नव्हत्या, वीटभट्ट्या होत्या. शहराची बस नाल्यापासूनच मागे फिरायची. रेठरेकर मास्तरांनी दारोदार हिंडून ही शाळा उभी केली आणि तेच तिचे पहिले हेडमास्तर झाले. प्रत्येक घराने डोक्यावरून विटा वाहून आणल्या. व्हरांड्याच्या भिंतीला अजून गिलावा केलेला नाही, त्यामुळे निरनिराळ्या भट्ट्यांचे छाप तिथे दिसतात. देवाखालोखाल मान मास्तरांचा. लग्नाची पत्रिका आधी त्यांच्याकडे यायची, संक्रांतीचा पहिला तिळगूळही त्यांच्याच हातावर पडायचा, आणि मास्तरांना ते मनापासून आवडायचे.

पहिल्या तुकडीत भट्टीवरच्या मजुराची एक मुलगी होती, शेवंता भालेकर. ती शिकली, तिने परीक्षा दिल्या आणि चौदा वर्षांनी त्याच शाळेत बाई म्हणून आली. तिची शिफारस मास्तरांनीच केली होती. माझी विद्यार्थिनी, असे ते ज्याला त्याला सांगत सुटले होते.

दिवाळीपर्यंत ते बोलणे बंद झाले. सकाळी नाल्यावरच्या साकवावर मुले पूर्वी मास्तरांची वाट बघायची, ती आता बाईंची बघू लागली. पोरी बाईंसारखी वेणी घालू लागल्या. त्या वर्षी संक्रांतीला मास्तर ऑफिसात खुर्चीवर ताठ बसून राहिले आणि सगळी शाळा आधी बाईंच्या वर्गात शिरली. मास्तरांपर्यंत तिळगूळ पोचला तेव्हा डब्यात चुराच उरला होता. एवढा मोठा माणूस, पण त्या चुऱ्यावरून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीपलीकडून सहावीचे हसणे ऐकू आले की ते टेबलावर पट्टी आपटत.

बापू खरात तेव्हा शिपाई होते. ते एकदा म्हणाले, "मास्तर, तुमचंच रोप हाय ते. वाढलं तर वाईट का वाटून घेताय?"

"रोपानं सावली कुणावर धरायची ते रोपाला कळायला हवं," मास्तर म्हणाले.

बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वर्षअखेरीस हेडमास्तरांनी पाठ पाहून शेरा लिहायचा, आणि शेरा वाईट आला तर बाईंना घरी बसावे लागणार होते. घरी म्हणजे भट्टीवर. वाईट शेऱ्याला तीन चुका पुरेशा होत्या. मास्तर शाईचे पेन भरून सहावीत गेले आणि मागच्या त्या बुटक्या बाकावर वही उघडून बसले.

बाई त्या दिवशी अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होत्या. त्यांनी जेवणाच्या फडक्यातून अर्धी भाकरी काढली. मास्तरांनी लिहिले : वर्गात अन्न आणले. मुले हसली. मास्तरांनी लिहिले : गोंगाट. आता एकच चूक हवी होती.

"अर्धी भाकरी आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला पाव द्यायची. किती जण जेवतील?"

"दोन," वर्ग ओरडला.

"म्हणजे अर्ध्याला पावाने भागलं तर दोन. आता बघा, ज्यानं भागायचं तो अपूर्णांक उलटा करून गुणलं तरी दोनच येतात. का येतात, ते भाकरीनं सांगितलं : अख्ख्या भाकरीत चार पाव, अर्धीत त्याच्या निम्मे."

मास्तरांचे पेन थांबले. उलटा करा आणि गुणा, हे ते आयुष्यभर शिकवत आले होते. का उलटा करायचा, असे याच वर्गात याच शेवंताने अकराव्या वर्षी विचारले होते आणि त्यांनी तिच्या तळहातावर छडी ओढली होती. कारण त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. लहानपणी त्यांनी विचारले, तेव्हा त्यांनाही छडीच मिळाली होती.

आणि मग, असे सांगतात, की मास्तरांचे बोट वर गेले. त्यांना ते कळलेसुद्धा नाही. सगळा वर्ग मागे वळून बघत राहिला. बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

"विचारा, सर," त्या म्हणाल्या.

मास्तर बाकातून कसेबसे उभे राहिले. "बाई, पावानं भागणं समजलं. पण दोन तृतीयांशानं भागायचं असेल तर?"

बाईंनी दुसरी भाकरी घेतली, तिचे तीन तुकडे केले. "एका माणसाला दोन तुकडे वाढायचे, सर. एक माणूस जेवला. उरला एक तुकडा, म्हणजे अर्ध्या माणसाचं जेवण. दीड माणूस. तीन छेद दोन."

 मास्तर खाली बसले आणि वहीत लिहिले : तिसरी चूक माझी आहे, चौदा वर्षांपूर्वीची. त्याखाली, नोकरी कायम करावी. सही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडून हजेरीपटात शेवटी आपले नाव लिहून घेतले. हजेरी घेताना बाईंना संकोचाने ते नाव धड उच्चारता येईना. "हजर, बाई," मास्तर म्हणाले. निवृत्तीपर्यंत दर जूनमध्ये ते त्या बाकावर बसले. त्यांचा हेवा मात्र सरला नव्हता. बापूंना त्यांनी एकदा कबूलही केले होते, "अजून जळतं रे. पण तिथं बसलो की कमी जळतं."

आजही शाळा उघडते त्या दिवशी मुख्याध्यापक गुडघे दुमडून त्या बाकावर बसतात, हजर म्हणतात आणि बोट वर करून एक तरी प्रश्न विचारतात. प्रश्न असा हवा, की त्याचे उत्तर त्यांना खरोखरच ठाऊक नसावे. तो विचारून होईपर्यंत शिपाई मधल्या सुट्टीची घंटा देत नाहीत. एका वर्षी मुख्याध्यापकांना असा प्रश्नच सुचेना, तेव्हा म्हणे सगळी शाळा दुपारपर्यंत उपाशी बसली होती.